बाईंची बटनाची घडी

डॉक्टर कमळजाबाई लोणारकरांच्या उजव्या हातात चार हिरव्या काचेच्या बांगड्या असत आणि डाव्या हातात सोन्याचं, पुरुषी मापाचं, बटन असलेलं घड्याळ. बाईंचं मनगट बारीक. घड्याळ त्यावर मावायचं नाही, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं बाहेर यायचं. पहिल्यांदा आलेला रोगी आधी घड्याळाकडं बघे, मग बाईंकडं, मग पुन्हा घड्याळाकडं. तोवर बाईंनी त्याची नाडी मोजूनसुद्धा झालेली असे.

मी तेव्हा मोताळ्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. मोताळा म्हणजे मलकापूर तालुक्यातलं बाजाराचं गाव. दवाखान्याच्या दोन कौलारू खोल्या, पुढं पडवी, पडवीत दोन बाकडी आणि अंगणात कडूनिंब. बाई लोणारच्या, नागपूरला डॉक्टरकी शिकलेल्या, पण बोलणं मात्र सगळं आपल्या मुलखाचं. बदलून आल्या त्या दिवशी सर्व्हिस मोटारीतून उतरल्या, स्वतःची ट्रंक स्वतःच उचलली आणि मला म्हणाल्या, "वामनराव तुमीच ना? मंग उभे काऊन राह्यले? चाला, दवाखाना दाखवा." त्यांना नवरा होता का, असला तर कुठं होता, हे विचारायची छाती मोताळ्यात कुणाची झाली नाही. माझीही नाही.

घड्याळ त्यांच्याकडं आलं ते मात्र माझ्या डोळ्यांदेखत.

मलकापूरच्या एका कापसाच्या सेठजींची सून अडली होती. मोठ्या गावच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा कुणीतरी मोताळ्याच्या बाईंचं नाव काढलं. मोटार आली, बाई गेल्या, बरोबर मी. सकाळी गेलो ते उन्हं कलताना सुटलो, पण सून सुटली आणि मूलही. आठवड्याभरानं सेठजी स्वतः दवाखान्यात आले. मखमली डबीत सोन्याच्या पाटल्या होत्या. बाईंनी डबी उघडून बघितली आणि मिटून परत दिली.

"सेठजी, ह्या घालून मी काम कसं करू? पोट्टीच्या अंगाले लागतीन."

"मग काय देऊ, बाईसाहेब? रिकाम्या हातानं नाही जाणार मी."

बाईंनी डावा हात पुढं केला. त्या मनगटावर एक म्हातारं निकेलचं घड्याळ होतं. त्याला सेकंदाचा काटा होता, पण तो मनाला येईल तेव्हा चाले. "हे पाहा. ह्याच्यावर मी तुमच्या सुनेची नाडी मोजली. अर्धी अंदाजानं. द्यायचंच असंल तर सेकंद बरोबर सांगंल असं घड्याळ द्या. पोलादाचं द्या, मले सोनं नको."

सेठजींनी मान डोलावली आणि सोन्याचं पाठवलं. मुंबईहून मागवलेलं, स्वित्झर्लंडचं. बरोबर एक छापील कागद होता, त्यावर त्याचं नाव 'क्रोनोग्राफ' असं लिहिलेलं होतं. पांढऱ्या तबकडीत दोन छोट्या तबकड्या, त्यातली एक मिनिटं मोजणारी, आणि मधोमध एक लांब निळा काटा, पण तो उभाच. बाजूला एक बटन. एकदा दाबलं की निळा काटा धावत सुटे, दुसऱ्यांदा दाबलं की थांबे, तिसऱ्यांदा दाबलं की टुणकन उडी मारून पुन्हा बाराच्या आकड्यावर. काठाला नाडीचे आकडे होते. तीस ठोके मोजून बटन दाबायचं, काटा जिथं थांबेल तिथं मिनिटाला किती ठोके ते आयतं वाचायचं. बाईंनी पहिली नाडी माझी मोजली. एकशेआठ निघाली.

"वामनराव, घाबरले का काय?"

"घड्याळाला घाबरलो, बाई," मी म्हटलं. खरंच घाबरलो होतो. एवढी मौल्यवान वस्तू त्या पडवीत मी कधी पाहिली नव्हती.

बाईंनी छापील कागद घडी करून औषधांच्या कपाटात टाकला, निकेलचं घड्याळ मला देऊन टाकलं आणि सोन्याचं मनगटाला बांधलं. ते मग रोज तिथंच राहिलं.

आता ते जपून ठेवायचं, सणावाराला काढायचं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. सरपंचांनी सांगून बघितलं, मास्तरांनी सांगितलं, पोस्टमास्तरांनी तर पोस्टाच्या तिजोरीत ठेवायची तयारी दाखवली. बाई सगळ्यांना एकच विचारायच्या, "तिजोरीत कोणाची नाडी मोजू?" त्यांनी त्या घड्याळानिशी गळवं फोडली, दात उपटले, विहिरीचं पाणी शेंदलं, ज्वारीचं पीठ मळलं. पट्ट्याच्या खाचेत पीठ बसायचं, ते त्या केसातल्या आकड्यानं कोरून काढायच्या. काचेच्या कडेला आयोडिनचा डाग पडला तो कधी गेलाच नाही. मूळचा पट्टा मगरीच्या कातड्याचा होता म्हणे. आमच्या उन्हाळ्यातल्या घामानं तो दोन वर्षांत कुजला. मग बाजारातल्या किसन मोच्यानं बैलाच्या कातड्याचा पट्टा शिवून दिला, जाड, चार टाक्यांचा. सोन्याच्या घड्याळाला तो शोभत नव्हता. पण बाईंना फार आवडला. "हा माझ्यासारखा हाय," म्हणाल्या.

सकाळी तुळशीला पाणी घातलं की त्या अंगणात उभ्या राहून चावी द्यायच्या, डोळे मिटून, मनात मोजत. त्या वेळी कुणी बोललेलं चालायचं नाही. दिवसभरात त्या गप्प असायच्या त्या तेवढ्याच.

आणि ते बटन! नाडीपुरतं ते वापरायचं, पण बाईंच्या अंगठ्याला तेवढ्यानं समाधान कुठलं? "पाहू बरं, किती लागते," असं म्हणायचं आणि बटन दाबायचं. अंडं उकडायला किती लागतं, बाजारातून दवाखान्यापर्यंत किती लागतं, मी बाटलीला चिठ्ठी चिकटवून बूच मारेपर्यंत किती लागतं. माझा वेळ त्यांनी पाठीमागून, न सांगता मोजला होता. "चाळीस सेकंद! वामनराव, रोगी मरंल ना." मी दोन दिवस फुगून होतो. तिसऱ्या दिवशी मी पंचवीस सेकंदांत बाटली दिली आणि बूच न मारताच दिली. औषध रोग्याच्या धोतरावर सांडलं. बाई एवढ्या हसल्या की त्यांना बाकड्यावर बसावं लागलं. त्यानंतर माझं काम त्यांनी पुन्हा मोजलं नाही.

एकदा जिल्ह्याहून एक बडे साहेब तपासणीला आले. नाव सांगत नाही, कारण माणूस वाईट नव्हता, फक्त बोलायला लागला की थांबत नसे. कडूनिंबाखाली सगळं गाव बसवून साहेबांनी आरोग्यावर भाषण सुरू केलं. बाई पहिल्या रांगेत, हात मांडीवर. मी बघितलं, अंगठा हळूच बटनावर गेला. साहेबांनी एकदा "शेवटी एवढंच सांगतो" म्हटलं, थोड्या वेळानं पुन्हा म्हटलं, आणि तिसऱ्यांदाही. संपल्यावर आभार मानायला बाई उठल्या. म्हणाल्या, "साहेबांनी आपल्याले एक्कावन मिनिटं दिली. त्यातली अकरा मिनिटं तर 'शेवटी' म्हटल्यावरची हायेत. एवढा वेळ कोण देते बाप्पा?" गाव पोट धरून हसलं. साहेबांना आधी कळलं नाही, मग कळलं, आणि तेही हसले. जाताना त्यांनी ते घड्याळ हातात घेऊन बघितलं आणि बटन दोनदा दाबलं. बटन दाबून बघायचा मोह कुणालाच आवरत नसे.

पण बाई नुसत्या गंमतीनं बटन दाबत होत्या असं नाही. सासरहून हाकललेली एक मुलगी तपासायला आणली होती. काही विचारलं की हुंदका, काही विचारलं की हुंदका. आई तिच्यावर ओरडायला लागली. बाईंनी आईला बाहेर काढलं, दार लोटलं आणि मुलीला म्हणाल्या, "हे पाय, आता पाच मिनिटं. पोटभर रड. कोणी तुले काही म्हणणार नाही. मी मोजते." आणि खरंच बटन दाबून, तिचा हात हातात घेऊन बसल्या. मुलगी दोन मिनिटं रडली, मग घड्याळाकडं बघायला लागली, मग नाक पुसून म्हणाली, "अजून किती राह्यले?" बाई म्हणाल्या, "तीन हायेत. ठेवू का उद्याच्याले?" ती मुलगी हसत बाहेर आली. आईला काही कळेना.

ते घड्याळ एकदा बंद पडलं. ती गोष्ट मला आजही लख्ख आठवते.

कापूस वेचणीचे दिवस. दुपारी एक गडी बैलगाडी पळवत आला. शेतातच बायकोला कळा सुरू झाल्या होत्या, सातव्या महिन्यात काही तरी. आम्ही त्याच्याच बैलगाडीतून गेलो. पोचलो तेव्हा ती नुकतीच बाळंत झालेली. शेतातल्या झोपडीत बाळंतीण शुद्धीवर होती, पण मूल निळं पडलेलं. हलत नाही, रडत नाही. मुलगीच होती. सासूनं तिला आधीच फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलं होतं.

"राहू द्या बाई," सासू म्हणाली. "पोट्टीच होती. अन् गेली."

बाईंनी फडकं सोडलं, लेकराच्या तोंडातलं बोटानं साफ केलं आणि बटन दाबलं. "पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं इथी कोणी एक शबुद बोलायचा नाही. वामनराव, एक घमेलं गरम पाणी, एक थंड."

चुलीवर पाणी होतंच. मी घमेली पुढं केली. तोंडाला तोंड लावून बाईंनी फुंकर घातली, हलकी, दिवा विझू नये एवढी. मग लेकरू गरम पाण्यात, मग थंड पाण्यात, मग पुन्हा गरम. कोपरापर्यंत हात पाण्यात. घड्याळ काढून ठेवायचं भान कुणाला होतं? दर थोड्या वेळानं त्या मनगट वर करून बघत, ओल्या काचेतून, आणि मोठ्यानं सांगत, "एक झालं. ... दोन झाले." सासू तोंडात पदर कोंबून उभी होती. "तीन झाले." माझा धीर सुटला होता. बाईंचं लक्ष नुसतं कामात होतं. चार झाल्याचं त्यांनी सांगितलं नाही. मनगट वर केलं, बघितलं, पुन्हा फुंकर घातली. आणि मग एक बारीक, मांजराच्या पिलासारखा आवाज आला. मग जरा मोठा. मग चांगलाच मोठा.

सासू मटकन खाली बसली आणि रडायला लागली. "अवं माय, रडली वं, माही नात रडली!" मघाशी "पोट्टीच होती" म्हणणारी तीच सासू. तिनं लेकरू छातीशी धरलं ते कुणाला द्यायलाच तयार होईना.

बाई बाहेर येऊन गाडीच्या जुवावर बसल्या. मी घड्याळाकडं बघितलं तर निळा काटा आधीच उभा. घड्याळाच्या पोटात पाणी गेलं होतं आणि काचेला आतून धुकं धरलं होतं. मी म्हटलं, "बाई, चार मिनिटं झालीच नव्हती की काय?"

"घड्याळ साडेतीन मिनिटावरच बंद पडलं," त्या म्हणाल्या. "मंग मी मोजलंच नाही."

म्हणजे पाच मिनिटं कधी संपली, संपली की नाही, आम्हाला कुणालाच ठाऊक नाही. त्या मुलीचं नाव बारशात काय ठेवलं ते आठवत नाही. गाव तिला मिनटी म्हणायचं.

घड्याळ घेऊन आम्ही खामगावला गेलो. जलंबला मोठी गाडी सोडून खामगावच्या फाट्याच्या गाडीत बसलो. एरवी बाई त्या गाडीचा वेळ मोजून गार्डाशी दर खेपेला भांडायच्या. त्या दिवशी हात मोकळा होता, भांडण झालं नाही, तर गार्डच विचारायला आला, "बाई, बरं नाही का आज?"

कापसाच्या बाजारामागं युसूफभाई घडीवाल्यांचं दुकान होतं. एका माणसाला बसता येईल एवढंच. युसूफभाई म्हणजे डोळ्याला भिंग लावलेले, पांढऱ्या दाढीचे, फार हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी घड्याळ उलटंपालटं केलं. काचेवरचा ओरखडा बघितला, आयोडिनचा डाग बघितला, किसन मोच्याचा पट्टा बघितला, आणि पट्टा बघून डोळे मिटून घेतले.

"या अल्ला. बाई, हे काय केलं तुम्ही?"

"पाण्यात गेलं."

"पाण्यात गेलं नाही, तुम्ही नेलं. अशी घडी मी जिंदगीत एकदा पाह्यली होती, इंग्रज साहेबाच्या हातात. तो त्याले रुमालात बांधून ठेवे. अन् तुम्ही..." त्यांनी खाचेतून सुईनं काहीतरी काढलं. "हे काय आहे?"

"ज्वारीचं पीठ असंल."

युसूफभाईंनी मागचं झाकण उघडलं. भिंगातून आत बघत राहिले. चेहरा हळूहळू बदलत गेला. मग त्यांनी भिंग काढून बाईंच्या हातात दिलं. "पाहा. तुम्ही कधी पाह्यलंच नसंल." बाईंनी बघितलं. मग मला दिलं. आत दाण्याएवढी चाकं, केसाएवढ्या कमानी, आणि तांबडे लाल खडे. सगळ्यावर दव पडल्यासारखं पाणी.

"मी हे उघडलं खरं," युसूफभाई म्हणाले, "पण जोडीन का नाही, सांगत नाही. ह्याच्यात दुप्पट कारभार आहे. एक चाक इकडचं तिकडं झालं तर खेळ खतम. मुंबईले पाठवा."

"मुंबईले दोन महिने जातीन. तुमी करा."

"अन् बिघडलं तं?"

"माह्या हातून लेकरं बिघडत नाही का कधी? म्हून काय हात लावत नाही मी?" बाई म्हणाल्या. "तुमी करा, युसूफभाई. मी तुमच्यावर सोडते."

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं पाहिलं. मग दुकानावरचा पडदा अर्धा ओढला, पांढरं कापड पसरलं आणि म्हणाले, "जुम्याच्या नमाजानंतर या."

परतीच्या गाडीत बाई बराच वेळ उघड्या मनगटाकडं बघत होत्या. तिथं गोरा पट्टा पडला होता. मग आपणहून बोलल्या. त्यांची थोरली बहीण लोणारला बाळंतपणात गेली. डॉक्टर आला तेव्हा त्यानं विचारलं, कळा किती वेळापासून आहेत? घरात एवढी माणसं, पण कुणाला सांगताच आलं नाही. कुणी म्हणे सकाळपासून, कुणी म्हणे गाई सोडल्या तेव्हापासून. "दहा बाया अन् दहा वेळा," बाई म्हणाल्या. एवढंच. पुढं खिडकीतून कपाशीकडं बघत बसल्या.

शुक्रवारी घड्याळ चालत होतं. युसूफभाईंनी ते बाईंच्या हातावर स्वतः बांधलं आणि समजावलं, पाण्यापासून जपा, पिठापासून जपा, निदान मुलांना आंघोळ घालताना काढून ठेवा. बाईंनी "हाव" म्हटलं. युसूफभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवून नाही म्हटलं. ते हसले. "ठीक आहे. दर साल घेऊन या. मी साफ करीन. आता मले बी तिच्या आतलं पाह्यल्याशिवाय करमणार नाही."

आता शंकरपटाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय बाई पुऱ्या होत नाहीत.

आमच्याकडं सुगी झाली की बैलांच्या शर्यती होतात. एकेक जोडी पटावरून धावते, आणि जिला सगळ्यांत कमी वेळ लागेल ती जिंकते. वेळ मोजायचा मान दाजी पाटलांचा. त्यांच्याकडं साखळीचं खिशातलं घड्याळ होतं. मिनिट ते सांगायचं, सेकंद दाजी स्वतः सांगायचे. त्यामुळं भांडण ठरलेलं. एका वर्षी तर लाठ्याच चालल्या, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दवाखान्यात चौदा डोकी शिवली. शेवटचं डोकं दाजींच्या भावाचं होतं. त्याला टाका घालताना बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी घड्याळ मी धरणार."

पुढच्या वर्षी पटाच्या आदल्या दिवशी खरंच पाटलांच्या ओसरीवर गेल्या. दाजी म्हणाले, "बाई, पटावर बायामाणसांनी उभं राह्यलेलं चालत नाही. रीत हाय ती."

"दाजी, डोके शिवाले बाई चालते. मंग डोके फुटूच नये म्हून बाई काऊन चालत नाही?"

ओसरीवर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या डोक्यावर बाईंचे टाके होते. दाजींनी पानाला चुना लावता लावता "बरं" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बाई नऊवारीचा काचा मारून शेवटच्या रेषेवर उभ्या. तिकडं झेंडी पडली की बटन, इकडं बैलांची शिंगं रेषेवर आली की बटन. त्या आकडा वाचायच्या, मी पाटीवर लिहायचो. धुळीचे लोट, हलगी, माणसांचा आरडाओरडा. बाईंचं कशाकडं लक्ष नाही. दाजींची पांढरी जोडी धावली ती वाऱ्यासारखी, गावानं फेटे उडवले. नंतर तीन-चार जोड्या मागं पडल्या. शेवटी शेख चांद नावाच्या एका साध्या शेतकऱ्याची जोडी आली. एक बैल तांबडा, एक काळा, दिसायला विजोड. नांगराचे बैल. पण काय धावले! रेषेवरून गेले आणि बाईंनी बटन दाबलं, बघितलं, पुन्हा एकदा डोळ्याजवळ नेऊन बघितलं.

"चांदभाईची जोडी," त्या म्हणाल्या. "दाजींच्या जोडीपेक्षा एक पंचमांश सेकंदानं पुढं."

हलगी थांबली. पाटलांची माणसं पुढं सरकली. मी पाटी छातीशी धरली. दाजी उठून आले. अंगानं दांडगा माणूस, चेहरा लाल झालेला.

"एक पंचमांश सेकंद म्हंजे किती, बाई?"

बाईंनी मनगटावरचा पट्टा सोडला आणि घड्याळ दाजींच्या तळहातावर ठेवलं. "तुमीच मोजा. चांदभाई पुन्हा पळवतीन. काऊन चांदभाई?"

चांदभाई घाबरलेला होता. बैलांच्या तोंडाला फेस होता. पण त्यानं काळ्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "पळवतो, बाई. पण थोडा दम घेऊ द्या त्यायले."

बैल दम घेईपर्यंत बाईंनी दाजींना बटन शिकवलं. इथं दाबा, हा सुटला. आता दाबा, हा थांबला. पुन्हा दाबा. निळा काटा टुणकन उडी मारून बारावर गेला, आणि दाजी पाटील, साठीचा माणूस, एकदम "अरे!" म्हणाला. पुन्हा दाबलं. पुन्हा "अरे!" मग त्यांनी पटावर पळणाऱ्या कुत्र्याचा वेळ मोजला, मग स्वतःच्या भावाला "तिकडून इकडं ये बे" म्हणून चालायला लावून त्याचा मोजला. भोवती माणसं गोळा झाली. "दाजी, माही घ्या, दाजी माही!" लाठीवाले लाठ्या बगलेत धरून वाकून काटा बघत होते.

चांदभाईची जोडी दुसऱ्यांदा धावली. दाजींनी जीभ बाहेर काढून बटन दाबलं, काटा बघितला. दाजींनी पुन्हा बघितलं आणि मान वर केली.

"पयल्यापेक्षा बी कमी हाय बे," ते म्हणाले, आणि ते असं म्हणाले जणू त्यांचीच जोडी जिंकली. त्यांनी आपल्या हातानं चांदभाईच्या डोक्याला पागोटं बांधलं. त्या संध्याकाळी दवाखान्यात एकच माणूस आला. ओरडून ओरडून घसा बसलेला. तो दाजींचाच भाऊ होता.

बाई मोताळ्यात सात वर्षं होत्या. मग त्यांची यवतमाळकडं बदली झाली, माझी मेहकरला. पत्रं एक-दोन आली. त्यात निम्मं औषधांबद्दल.

शेवटचं दर्शन झालं ते मलकापूर स्टेशनावर. मी कामानं आलो होतो. नागपूरची गाडी उभी होती आणि बायकांच्या डब्याच्या खिडकीत बाई दिसल्या. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. शेजारी एक तरुण बाई बसली होती. तिचं आठ-नऊ महिन्यांचं मूल रडून रडून लाल झालेलं, आणि ती बिचारी ओशाळलेली. आम्ही खिडकीतून बोलत होतो, तेवढ्यात बाईंनी ते मूल तिच्याकडून घेतलं आणि मांडीवर बसवलं. मुलानं इकडं तिकडं बघितलं, दोन्ही हातांनी बाईंचं मनगट धरलं आणि घड्याळ सरळ तोंडात घातलं.

रडणं थांबलं. डब्यातल्या बायका ओरडल्या, "अवं, सोन्याचं हाय ना ते!" मुलाची आई ते ओढून काढायला धावली.

"राहू दे व," बाई म्हणाल्या. "दात येऊन राह्यले त्याले. चावू दे."

शिटी झाली, गाडी हलली. मी दोन पावलं बरोबर चाललो. बाईंचा एक हात गुंतलेला होता, म्हणून त्यांनी मला निरोपाची मान हलवली. मुलानं सोन्याच्या कडेवर हिरड्या घट्ट दाबल्या होत्या, हनुवटीवरून लाळ ओघळून बाईंच्या पदरावर पडत होती, आणि त्या खाली वाकून त्याच्या तोंडात, दात कुठवर आला आहे ते, बघत होत्या.